गिअर हातातून पायात कसा आला

मोटरसायकलचा गिअर पडताना ‘खट्ट’ आवाज येतो, झटका बसतो आणि खापर बहुतेक वेळा क्लचवर फुटतं. मूळ गिअरबॉक्समध्ये आहे. मोटारीत वेग जुळवून देणारं सिंक्रोमेश असतं, दुचाकीत ते नसतं. दुचाकीत दातेरी चक्रं कायम एकमेकांत गुंतलेली असतात आणि गिअर टाकला की एकाच्या बाजूचे जाड खुंट शेजारच्याच्या खाचांत शिरतात. दोघांचा वेग जुळवणं हे चालवणाऱ्याचं काम. गिअर चढवताना थ्रॉटल किंचित सोडायचा, उतरवताना हलकीच रेस द्यायची, ते यासाठीच.

सुरुवातीच्या गाड्यांना गिअरच नव्हते. इंजिनवरून निघालेला पट्टा थेट मागचं चाक फिरवायचा. गाडी ढकलत पळायचं, उडी मारून बसायचं, चढ आला की पॅडल मारायचे. १९११ मध्ये ब्रिटनजवळच्या आयल ऑफ मॅन बेटावरची टीटी ही मोटरसायकल शर्यत स्नेफेल डोंगराच्या मार्गावर गेली आणि दोन गिअर व साखळी असलेल्या अमेरिकन ‘इंडियन’ गाड्यांनी मोठ्या इंजिनांच्या ‘सीनिअर’ शर्यतीतले पहिले तिन्ही क्रमांक नेले. मग गिअरबॉक्सला नाकं मुरडणाऱ्यांचा आवाज बसला.

तरी पुढची बरीच वर्षं गिअर टाकीशेजारच्या दांड्याने बदलायचे, म्हणजे ऐन वळणावर एक हात हँडलवरून काढून! १९२८च्या सुमारास वेलोसेट या ब्रिटिश कंपनीच्या हॅरॉल्ड विलिस यांनी ‘पॉझिटिव्ह स्टॉप’ आणला: पायाने एकदा दाबलं की एकच गिअर बदलतो आणि लिव्हर पुन्हा मधल्या जागी येतो. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोठा शोध हाच. आजही आपला पाय तेच करतो.

कुठला पाय, हा घोळ मात्र टिकला. ब्रिटिश गाड्यांचा गिअर उजवीकडे, जपान्यांचा डावीकडे. अमेरिकेने सप्टेंबर १९७४ पासून डावा पाय सक्तीचा केला, तेव्हा ट्रायम्फ आणि नॉर्टनला लिव्हर पलीकडे न्यावा लागला. मद्रासच्या बुलेटला ती सक्ती नव्हती. तिचा उजवा गिअर, पहिला वर आणि बाकीचे खाली, थेट या शतकापर्यंत चालला. न्यूट्रल शोधायला वेगळा छोटा लिव्हर, हीसुद्धा तिचीच खासियत. म्हैसूरच्या जावाची तऱ्हा आणखी वेगळी: किक आणि गिअरचा लिव्हर एकच, आणि तो हलला की क्लचही आपोआप सुटायचा.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली. तिचे चारही गिअर पुढे दाबून पडायचे, होंडाच्या १९५८च्या सुपर कबसारखे. बुलेटचा ब्रेक डावीकडे, हिचा गिअर डावीकडे; बुलेटवरून तिच्यावर आलेल्याचा पाय ब्रेक समजून गिअरवर पडला तर नवल नव्हतं.

आता क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर आहे; तो गिअर चढवताना क्षणभर इंजिनाची ताकद तोडतो, म्हणजे दाबाखालचे खुंट मोकळे होतात. उतरवतानाची रेसही काही गाड्या स्वतःच देतात. २०२४ मध्ये होंडाने ई-क्लच विक्रीला आणला; त्यात क्लचचा लिव्हर आहे, पण दाबावा लागत नाही. नुसता क्विकशिफ्टर असेल तर मात्र गर्दीत, कमी आरपीएमवर पहिल्यावरून दुसरा टाकताना तो अजूनही झटका देतो. तिथे क्लच दाबलेला बरा.