रंगाच्या थराखालची सातशे वर्षं

इजिप्तमधल्या सिनाईच्या वाळवंटात सेंट कॅथरिनचा मठ आहे. तिथलं येशूचं एक चित्र अभ्यासक तेराव्या शतकातलं मानत होते. लाकडी फळीवर काढलेलं, ८४ सेंटिमीटर उंच. १९६२ मध्ये त्यावर नंतर चढवलेला रंग जपून काढला, तेव्हा खालून सहाव्या शतकातला चेहरा बाहेर आला. चित्राचं वय सातशे वर्षांनी वाढलं!

यातला एक मोठा पुरावा रंगाच्या पद्धतीचा होता. खालचं चित्र मेणातलं निघालं. मधमाश्यांचं मेण वितळवून त्यात रंगाची पूड मिसळायची आणि कुंचल्याने किंवा तापवलेल्या धातूच्या पातीने तो रंग फळीवर लावायचा. मेण निवलं की आळतं, त्यामुळे हात झरझर चालावा लागतो. पण त्वचेची झळाळी मेणात जशी उतरते, तशी फार थोड्या माध्यमांत उतरते. रोमन काळातल्या इजिप्तमध्ये ममीवर बसवायची अनेक व्यक्तिचित्रं अशीच काढलेली आहेत. पुढे अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी ही जागा घेतली. तेराव्या शतकापर्यंत मेणाची रीत केव्हाच मागे पडली होती.

या चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नाहीत. एक शांत, तर दुसरीकडे भुवई चढलेली, नजर कडक. ही चित्रकाराची चूक असावी असं मला अजिबात वाटत नाही, इतका त्याचा हात पक्का आहे.

इतकी जुनी धार्मिक चित्रं जगात मोजकीच उरली आहेत. आठव्या-नवव्या शतकांत बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन, साम्राज्यात पूजेच्या चित्रांवर बंदी होती, तेव्हा बरीच नष्ट झाली. सिनाई मात्र मुस्लिम सत्तेखाली होतं, सम्राटाचा हुकूम तिथे चालत नव्हता. शिवाय हवा कोरडी. म्हणून आज मठात दोन हजारांहून जास्त चित्रफलक आहेत.

त्यांचा पद्धतशीर अभ्यास सोटिरिऊ या ग्रीक दांपत्याने सुरू केला. पुढे नाझी जर्मनी सोडून अमेरिकेत प्रिन्स्टनला गेलेले कर्ट वाइट्झमन १९५६ ते १९६५ या काळात मोहिमा घेऊन इथे येत राहिले. फलकांची छायाचित्रं घ्यायची, मग चेहरे, कपड्यांच्या घड्या, अक्षरं एकमेकांशी ताडून पाहायची, हे त्यांचं काम. चिकाटीचं काम ते, आणि त्यातूनच काही नवल हाती लागलं. क्रुसावरच्या येशूच्या काही चित्रांत दोन्ही पावलं एकावर एक ठेवून त्यांत एकच खिळा ठोकलेला आहे. बायझंटाइन चित्रकार दोन पावलांना दोन खिळे दाखवत. एक खिळा ही पश्चिम युरोपातली रीत. त्यावरून, आणि अशाच इतर खुणांवरून, वाइट्झमन यांनी मांडलं की तेराव्या शतकातली काही चित्रं क्रुसेडच्या, म्हणजे युरोपीय ख्रिस्त्यांच्या धर्मयुद्धांच्या, काळात पूर्वेत आलेल्या युरोपीय चित्रकारांची आहेत. नंतरच्या अभ्यासकांना हे सगळ्या चित्रांबाबत पटलेलं नाही. स्थानिक ख्रिस्ती चित्रकारही पाश्चात्त्य गिऱ्हाइकांसाठी तशी चित्रं काढत असतील, असं त्यांचं म्हणणं आहे. कोणत्या फलकामागे कोणाचा हात, यावरचा वाद अजून चालू आहे.