ह्रस्व बेंझिन, दीर्घ बेंझीन

रेशमी साडीवर तेलाचा डाग पडला म्हणून शेजारच्या काकू जुनी वही घेऊन आल्या. वहीत लिहिलं होतं, ‘डागावर बेंझिन लावावे’. रसायनांच्या दुकानातून आणू का, असं त्यांनी विचारलं आणि मी जवळजवळ ओरडलोच, ‘नको!’

इंग्रजी स्पेलिंगमध्ये बेंझिन आणि बेंझीन या दोन नावांत एका अक्षराचा फरक आहे. मराठीत तो ह्रस्व-दीर्घावर येतो आणि तेही कुणी पाळत नाही. बेंझीन हे एकच शुद्ध संयुग, सहा कार्बनचं कडं. १८२५ मध्ये मायकेल फॅरडेने ते वेगळं केलं. त्याच्या वाफेत दीर्घकाळ वावरलं तर रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. वहीतलं बेंझिन म्हणजे खनिज तेलातून निघणारं हलकं मिश्रण. जर्मनीत तर गाडीत भरायच्या पेट्रोललाच बेंझिन म्हणतात. नावांचा असाच घोळ पेट्रोलियम इथर या तशाच हलक्या मिश्रणाचा: त्यात इथर औषधालाही नसतं, असतात पेन्टेन आणि हेक्झेन ही खनिज तेलातली हलकी संयुगं. ‘पेट्रोलियम’ म्हणजे लॅटिनमध्ये खडकाचं तेल. आपलं ‘रॉकेल’ही ‘रॉक ऑइल’वरूनच आलं. अर्थ एकच, पण एक कच्चं तेल आणि दुसरं त्यातून गाळलेला एक भाग.

मग यातलं कोणतं किती पटकन पेट घेतं, हे ओळखायचं कशावरून? फ्लॅश पॉइंटवरून. द्रव स्वतः जळत नाही, जळते त्याची वाफ, आणि तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. पेट्रोलच्या बाबतीत हे प्रमाण साधारण दीड ते साडेसात टक्के. द्रव तापत जातो तशी वाफ वाढते. ज्या तापमानाला पृष्ठभागावरची वाफ या किमान प्रमाणाला पोहोचून ठिणगीने क्षणभर भपकन पेटते, तो फ्लॅश पॉइंट. रॉकेलचा ३५ अंश सेल्सिअसच्या वर असतो. म्हणून गार रॉकेल सहज पेट घेत नाही, पण वात तापली की तिच्याभोवती वाफ तयार होते आणि कंदील जळत राहतो. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली ४० अंशांच्या आसपास! म्हणजे महाबळेश्वरच्या थंडीतही ते पेटायला तयारच. त्यात त्याची वाफ हवेपेक्षा जड. ती फरशीवरून सरपटत देवघरातल्या निरांजनापर्यंत जाऊ शकते. बेंझिनचंही तसंच. आपल्या पेट्रोलियम कायद्यातले वर्गही फ्लॅश पॉइंटवरच ठरतात: २३ अंशांखाली ‘ए’, २३ ते ६५ ‘बी’.

उवांवर घासलेट चोळण्याचा अघोरी उपाय आजही सांगितला जातो. त्याने लेकराची कातडी भाजू शकते आणि ओले केस चुलीजवळ पेटू शकतात. असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

काकूंनी डागावर टाल्कम पावडर भुरभुरून साडी रात्रभर ठेवली आणि सकाळी ड्रायक्लीनरकडे दिली. वहीतली ती ओळ त्यांनी माझ्यासमोरच खोडली.