जाळी, दुर्बीण आणि बिल: हर्नियाच्या ऑपरेशनचा हिशेब

टॉवेल किती जीएसएमचा, हे सोलापुरात कारखान्याबाहेरच्या माणसालाही कळतं. हर्नियाची जाळीसुद्धा याच मापात, म्हणजे एका चौरस मीटरला किती ग्रॅम, असं मोजतात. टॉवेल 400-500 जीएसएमचा असेल, तर जाड जाळी 80 ते 100ची आणि हलकी 50च्या आतली. ती पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकच्या एकेरी धाग्याची असते आणि मागावर न विणता निटिंगने केलेली असते. चादर मधूनच कापली तर कडेचे धागे सुटतात. जाळीचा प्रत्येक फास दुसऱ्यात गुंतलेला असल्यामुळे ती कशीही कापली तरी उसवत नाही. तिच्या भोकांतून शरीराचं स्वतःचं मांस वाढतं आणि काही आठवड्यांत ती पोटाच्या भिंतीत मुरून जाते.

हर्निया म्हणजे जुन्या भाषेतला अंतर्गळ. भिंत कमजोर होते आणि तिथून चरबी किंवा आतडं बाहेर येतं. जांघेतला हर्निया सर्वांत जास्त आढळतो: 100 पुरुषांपैकी सुमारे 27 जणांना आयुष्यात कधीतरी होतो, बायकांमध्ये सुमारे तिघींना. गोळ्यांनी किंवा पट्ट्याने ते भोक बुजत नाही. त्यासाठी जाळी बसवायचं ऑपरेशन लागतं: छेद घेऊन केलेलं, म्हणजे उघडं, किंवा दुर्बिणीचं.

उघड्या ऑपरेशनची आजची पद्धत लॉस एंजेलिसचे सर्जन लिक्टेन्स्टाइन यांनी 1980च्या दशकात रूढ केली. जांघेवर 5-6 सेंटिमीटरचा छेद घेऊन हर्नियाची पिशवी आत ढकलतात आणि साधारण 7.5 बाय 15 सेंटिमीटरची जाळी बसवतात. जाळीचं बाहेरच्या बाजूचं टोक चिरून दोन शेपट्या करतात. वृषणाकडे जाणारी दोरी त्यांच्या मधून घेतात, शेपट्या एकमेकींवर चढवतात आणि टाका घालतात. आतल्या टोकाला जाळी जांघेच्या हाडाच्या उंचवट्यापलीकडे 2 सेंटिमीटर जायलाच हवी. इथे हात आखडला की हर्निया नेमका तिथूनच परत येतो. याच जागेतून तीन बारीक नसा जातात. त्यातली एखादी टाक्यात सापडली तर जखम भरल्यावरही दुखत राहतं. तीन महिन्यांनंतरही त्रास उरलेले रुग्ण 100त 10 ते 12 असतात.

हे सगळं जागेवरच्या भुलेत, म्हणजे तेवढाच भाग बधिर करून, करता येतं. त्यामुळे मुक्काम कमी होतो, बिल कमी येतं आणि लघवी अडकण्याचा त्रासही कमी. कमरेतल्या भुलेनंतर हा त्रास जास्त दिसतो.

दुर्बिणीच्या ऑपरेशनला बहुतेक वेळा पूर्ण भूल लागते. तीन भोकं पाडतात, एक 10 मिलिमीटरचं आणि दोन 5ची. जाळी आतून बसते आणि ती किमान 10 बाय 15 सेंटिमीटरची हवी. बिल फुगतं ते पूर्ण भूल, दुर्बिणीची सामग्री आणि टॅकर, म्हणजे जाळी ठोकायचं पिस्तूल, यांमुळे. टॅकर कित्येकदा जाळीपेक्षा महाग पडतो, आणि बहुतेक हर्नियांत त्याची गरजही नसते. भोक फार मोठं असेल तर गोष्ट वेगळी. इस्टिमेटमध्ये टॅकर दिसला तर तो कशासाठी, हे जरूर विचारा.

या जादा पैशांत काय मिळतं? 2003मध्ये 41 चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या. दुर्बिणीचं ऑपरेशन सरासरी 15 मिनिटं जास्त चाललं, पण माणूस सुमारे 7 दिवस आधी रोजच्या कामाला लागला. दुखणं आणि बधिरपणाही कमी राहिला. आतडं, मूत्राशय किंवा मोठ्या रक्तवाहिनीला इजा होण्याचा प्रकार विरळा, पण घडला तर गंभीर. म्हणूनच हात कोणाचा, याला फार वजन आहे. 2004च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत दोन वर्षांत हर्निया परतण्याचं प्रमाण दुर्बिणीनंतर 10.1 टक्के होतं, उघड्यानंतर 4.9. पण ज्यांनी 250हून जास्त दुर्बिणीच्या शस्त्रक्रिया केल्या होत्या, त्यांच्या हाती ते 5 टक्क्यांच्या आसपास आलं. 'तुम्ही आजवर अशा किती केल्यात?' हे डॉक्टरांना विचारायला लाजू नका.

आता मार्केट यार्डात कांद्याची पोती उचलणाऱ्या हमालाचा किंवा यंत्रमागावरच्या कामगाराचा हिशेब करू. दोन इस्टिमेटमधला फरक एका बाजूला ठेवा, सात दिवसांची मजुरी दुसऱ्या बाजूला. एका बाजूचा, पहिल्यांदाच झालेला हर्निया असेल तर आमच्या मते जागेवरच्या भुलेतलं उघडं ऑपरेशन पैशाला खरं उतरतं. दोन्ही बाजूंना असेल, तर त्याच तीन भोकांतून दोन्हीकडे जाळी बसते. उघड्या ऑपरेशननंतर परत आलेल्या हर्नियातही दुर्बिणीने जुना व्रण टाळून मागून जाता येतं. तिथे जादा पैसे सत्कारणी लागतात.

महाग जाळी म्हणजे चांगली जाळी, असंही नाही. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी निर्जंतुक केलेलं मच्छरदाणीचं कापड वापरून त्याचे निकाल 2003मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडात 302 पुरुषांवर रीतसर चाचणी झाली. 2016च्या तिच्या अहवालानुसार वर्षभरात स्वस्त जाळीच्या गटात एकाचा हर्निया परत आला, कंपनीच्या जाळीच्या गटात कोणाचाच नाही, आणि बाकीचे त्रास जवळपास सारखेच होते. अर्थात कापड कोणतं आणि निर्जंतुक कसं केलं, यावर सगळं अवलंबून आहे; कीटकनाशक लावलेली मच्छरदाणी चालत नाही.

दवाखाना महात्मा फुले जन आरोग्य योजनेत असेल, तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, गाठा. तुमचं ऑपरेशन, त्यातली जाळी आणि टॅकर योजनेत बसतात का, हे भरती होण्यापूर्वीच विचारून घ्या.

ऑपरेशननंतर त्याच जागी मऊ फुगवटा दिसला तर हर्निया परत आला म्हणून घाबरू नका. विशेषतः दुर्बिणीनंतर रिकाम्या जागेत पाणी साठतं आणि बहुधा 6 ते 8 आठवड्यांत जिरतं. सुई घालून ते काढायची घाई केली तर जंतू आत जाऊ शकतात.

ऑपरेशनची तारीख पुढे ढकलली असेल, तर एक खूण घरातल्या सगळ्यांना माहीत हवी. एरवी आडवं झाल्यावर आत जाणारी गाठ जाईनाशी झाली, कडक होऊन दुखू लागली आणि उलट्या सुरू झाल्या, तर आतडं अडकलेलं असू शकतं. काही तासांत त्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. गाठ दाबत बसू नका, काही खाऊपिऊ घालू नका. रात्र असली तरी थेट सिव्हिलला किंवा जवळच्या सर्जनकडे न्या.