हिरवी लाईट नाडी मोजत नाही, आणि वाकणारी फिल्म कशी ‘बघते’

स्मार्टवॉचमागची हिरवी लाईट नाडी मोजते असं बऱ्याच जणांना वाटतं. ती फक्त उजेड टाकते हो. रक्त हिरवा प्रकाश जास्त शोषतं, त्यामुळे दर ठोक्याला परत येणारा उजेड जरासा कमीजास्त होतो आणि तो पकडतो शेजारचा काळा सेन्सर, खरं काम त्याचं. पण तो पडला सिलिकॉनचा, कडक, आणि मनगट गोल अन् सारखं हलणारं. मध्ये फट राहिली, बाहेरचा उजेड शिरला, की रीडिंग बोंबललं.

म्हणून सेन्सरच वाकणारा करायचा. ०.१ मिमी जाडीची फिल्म १० मिमी त्रिज्येवर गुंडाळली तर बाहेरच्या बाजूला ताण येतो फक्त ०.५ टक्के, रबरासारख्या पीडीएमएस पॉलिमरला तो जाणवतसुद्धा नाही. पण नुसत्या पीडीएमएसमधून वीजच जात नाही, उजेड पडो न पडो, म्हणून त्यात झिंक ऑक्साइडचे नॅनोकण मिसळायचे. झाली कॉम्पोझिट फिल्म. (‘निगेटिव्ह एनर्जी शोषणारे नॅनो बँड’ विकतात ते वेगळं, त्यात नॅनो असते ती फक्त अक्कल.)

आता माझा आवडता भाग. अंधारात हवेतला ऑक्सिजन या कणांच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि आतले मोकळे इलेक्ट्रॉन अडकवून ठेवतो, त्यामुळे करंट जवळपास नाहीच. झिंक ऑक्साइडचा बँडगॅप (इलेक्ट्रॉन सुटायला लागणारी किमान ऊर्जा) साधारण ३.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सुमारे ३७५ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अल्ट्राव्हायोलेट पडला तरच इलेक्ट्रॉन सुटतो आणि मागे त्याची रिकामी जागा, म्हणजे ‘होल’ राहतं, ते होल पृष्ठभागाकडे सरकतं, ऑक्सिजनने धरलेला इलेक्ट्रॉन त्या होलमध्ये जाऊन बसतो आणि ऑक्सिजन सुटून जातो. इकडे सुटलेल्या इलेक्ट्रॉनला परत जायला होलच उरलं नाही! मग तो फिरतच राहतो आणि एका फोटॉनमागे (प्रकाशकणामागे) सर्किटमधून कितीतरी इलेक्ट्रॉन वाहतात. कण जितका बारीक तितका त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग जास्त, म्हणून तर नॅनो.

अर्थात हे सगळं कण एकमेकांना टेकले तरच, नाहीतर करंट जाणार कुठून? गोल कण विस्कळीत पसरलेले असतील तर आकारमानाने साधारण १६ टक्क्यांच्या आसपास सलग वाट तयार होते, याला पर्कोलेशन म्हणतात. कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या, लांबुडक्या, त्यांना १ टक्क्याहून कमीही पुरतं. कण फार भरले तर फिल्म कडक होऊन तडकते, मग वाकवायची काय.

आणि उजेड गेल्यावर? ऑक्सिजन परत येऊन चिकटेपर्यंत करंट रेंगाळतो, कधी सेकंद, कधी मिनिटं. त्यामुळे नाडीला ही फिल्म निरुपयोगी, पण दिवसभरात त्वचेवर किती अल्ट्राव्हायोलेट पडलं हे बघायला चालते. पीडीएमएसमधून अल्ट्राव्हायोलेटही आत जातं आणि ऑक्सिजनही, म्हणून ही जोडी जमते. नाडीसाठी सेंद्रिय (म्हणजे कार्बनच्या रेणूंपासून केलेल्या) सेमीकंडक्टरच्या फिल्म बऱ्या, त्या झटपट प्रतिसाद देतात, फक्त त्यांना ऑक्सिजन लागला की त्या खराब होतात, म्हणजे एकाच पट्टीत दोन्ही बसवायच्या तर एकीला हवा द्यायची आणि दुसरीला सील करायचं, आणि सीलही वाकलं पाहिजे.