कोष्टकातील सेल एडिटर

डेस्कटॉप ॲप्लिकेशनमध्ये कोष्टकरूपात दाखवलेल्या माहितीतील एखादे मूल्य आहे त्याच जागी बदलता यावे, यासाठी त्या सेलवर तेवढ्यापुरता उघडणारा घटक म्हणजे सेल एडिटर. साध्या मजकुरासाठीचा एडिटर बहुतेक टूलकिटमध्ये, म्हणजे खिडक्या, बटणे असे भाग पुरवणाऱ्या संचांमध्ये, तयार मिळतो. तारीख, रंग, रक्कम किंवा ताऱ्यांनी दाखवायचा दर्जा अशा मूल्यांसाठी मात्र प्रोग्रामरला तो स्वतः लिहावा लागतो. या नोंदीत जावा या प्रोग्रामिंग भाषेच्या स्विंग टूलकिटमधील जेटेबल हे कोष्टक मुख्य उदाहरण म्हणून घेतले आहे, कारण एडिटर, कोष्टक आणि मॉडेल (मूळ माहिती सांभाळणारा भाग) यांच्यात कामाची वाटणी कशी होते ते त्यात सर्वांत स्पष्ट दिसते. डिसेंबर १९९८ मध्ये आलेल्या जावा १.२ पासून स्विंग जावाचा अधिकृत भाग आहे.

१९७९ च्या व्हिजिकॅल्क या स्प्रेडशीट प्रोग्राममध्ये मजकूर पडद्याच्या वरच्या ओळीत टंकायचा आणि सेलमध्ये फक्त पाहायचा, अशी सोय होती. माउस आणि खिडक्या आल्यावर सेलमध्येच लिहिण्याची अपेक्षा रूढ झाली. पण हजारो ओळींच्या कोष्टकात प्रत्येक सेलसाठी खरीखुरी मजकूरपेटी ठेवली तर स्मृती आणि वेग दोन्ही हातचे जातात. म्हणून दाखवणे आणि बदलणे ही कामे वेगळी केली गेली. दाखवण्याचे काम रेंडररकडे असते. एकच कंपोनंट (पडद्यावरचा घटक) रबरी शिक्क्यासारखा सेलमागून सेल उमटवला जातो. उमटलेले ते केवळ चित्र असते, त्याला क्लिक कळत नाही की कळ कळत नाही. रेंडररमध्ये बटण ठेवून ते दाबले का जात नाही म्हणून नवशिके हैराण होतात, त्याचे कारण हेच. एडिटर मात्र खरा कंपोनंट असतो. तो कोष्टकात त्या सेलच्या मापाने बसवला जातो, माउस आणि कळफलकाचे संदेश घेतो आणि काम संपताच काढून टाकला जातो. जेटेबलमध्ये एका वेळी असा एकच एडिटर उघडा असतो.

जेटेबलमध्ये संपादनाचा क्रम ठरलेला आहे. वापरकर्त्याने सेलवर क्लिक केले, एफ२ दाबले किंवा सरळ टंकायला सुरुवात केली, की कोष्टक आधी मॉडेलला विचारते, हा सेल बदलता येतो का? मग तोच प्रश्न एडिटरला, कारण किती क्लिकनंतर उघडायचे हे एडिटर ठरवतो. मजकूरपेटीला दोन क्लिक लागतात, चेकबॉक्स आणि कॉम्बोबॉक्सला एक पुरतो. दोन्हींकडून होकार आला की कोष्टक एडिटरला मूल्य, ओळ आणि स्तंभ देऊन कंपोनंट मागून घेते. संपादन पूर्ण झाल्याची वर्दी एडिटरने द्यायची असते. ती मिळाल्यावर कोष्टक त्याच्याकडून नवे मूल्य घेऊन मॉडेलमध्ये लिहिते. एडिटर स्वतः मॉडेलला हात लावत नाही आणि लावूही नये. वर्दी देण्याघेण्याची यंत्रणा ॲबस्ट्रॅक्टसेलएडिटर या तयार क्लासमध्ये असल्यामुळे प्रोग्रामरला प्रत्यक्षात दोनच मेथड (फंक्शन) लिहाव्या लागतात, एक कंपोनंट देणारी आणि एक मूल्य परत करणारी. तयार एडिटर एखाद्या स्तंभाला किंवा एखाद्या प्रकारच्या सर्व मूल्यांना जोडता येतो.

आकड्यांच्या बाबतीत स्वतःचा एडिटर का लिहावा लागतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. आकड्यांच्या स्तंभाला जेटेबल जो एडिटर आपणहून देते, तो टंकलेला मजकूर त्या स्तंभाच्या क्लासच्या (मूल्याच्या प्रकाराच्या) कन्स्ट्रक्टरकडे, म्हणजे त्या प्रकारचे मूल्य तयार करणाऱ्या कोडकडे, सोपवतो. रूपांतर फसले तर पेटीभोवती लाल चौकट उमटते आणि संपादन संपत नाही. पेटी रिकामी करून एंटर दाबले तर मॉडेलकडे नल, म्हणजे ‘मूल्यच नाही’ अशी खूण, जाते. आता एखाद्या मराठी वापरकर्त्याने देवनागरीत १२५ टंकले, तर इंटिजरच्या (पूर्णांकांच्या) स्तंभात ते बिनतक्रार स्वीकारले जाते, कारण इंटिजर युनिकोडमधील कुठल्याही लिपीचे अंक ओळखतो. डबलच्या (दशांशी आकड्यांच्या) स्तंभात १२.५ टंकले की मात्र लाल चौकट येते, कारण डबलला 0 ते 9 हे इंग्रजीच अंक लागतात. पैशांच्या रकमेसाठी योग्य असलेला बिगडेसिमल हा प्रकार देवनागरी अंक घेतो. स्वल्पविराम मात्र यांपैकी कोणालाच चालत नाही. त्यात भर म्हणजे डबलच्या स्तंभातील आकडा दाखवताना कोष्टक स्वल्पविराम घालते आणि संपादनाला उघडताच ते काढून टाकते. शिवाय आकडे लिहिण्यासाठीच्या जावाच्या मूळ डेसिमलफॉरमॅट या क्लासमध्ये अंकांच्या गटाचे माप एकच ठरवता येते, त्यामुळे १,२५,००० हे लाखाचे लेखन त्यातून निघतच नाही. हिशेबाच्या ॲप्लिकेशनमध्ये हे खपवून घेऊ नये. तेथे रेंडरर आणि एडिटर दोन्ही लिहावेत, आणि दोघांनी आकडा लिहिण्या-वाचण्याचा एकच नियम वापरावा. जे लेखन पडद्यावर दिसते, तेच टंकता आले पाहिजे. असा एडिटर लिहिताना संपादन थांबवणाऱ्या मेथडमध्ये आधी स्वल्पविराम काढून मजकूर तपासायचा आणि तो चुकीचा असेल तर नकार परत करायचा, म्हणजे वापरकर्ता सेलमध्येच राहतो.

एडिटर उघडणे सोपे, तो नीट बंद होणे अवघड. जेटेबलमध्ये दुसऱ्या सेलवर क्लिक केल्यास चालू संपादन पूर्ण धरले जाते. पण कोष्टकाबाहेरच्या ‘जतन करा’ या बटणावर क्लिक केले तर मूळ वर्तनात एडिटर तसाच उघडा राहतो. पडद्यावर नवा आकडा, मॉडेलमध्ये जुना, आणि जतन होतो तो जुना. वापरकर्त्याच्या नजरेसमोर माहिती हरवते आणि त्याला पत्ताही लागत नाही. इतका घातक दोष या विषयात दुसरा नाही. यावरचा उपाय कोष्टकाच्या टर्मिनेटएडिटऑनफोकसलॉस्ट या गुणधर्मात आहे. तो लावला की फोकस (कळफलकाचा रोख) दुसरीकडे जाताच कोष्टक मूल्य स्वीकारण्याचा प्रयत्न करते आणि ते जमले नाही तर संपादन रद्द करते.

जावाएफएक्स या जावाच्याच दुसऱ्या टूलकिटचा मूळ कल उलटा आहे. त्याच्या तयार मजकूर-सेलमध्ये एंटर न दाबता दुसरीकडे क्लिक केले तर टंकलेले रद्द होते. २००५ च्या क्यूटी ४ या टूलकिटमध्ये डेलिगेट ही संकल्पना आली. तिच्यात चार कामे वेगवेगळ्या फंक्शनमध्ये वाटलेली असतात: एडिटर तयार करणे, त्यात मूल्य भरणे, मूल्य मॉडेलमध्ये परत लिहिणे आणि एडिटरची जागा ठरवणे. फोकस गेला की क्यूटीचे डेलिगेट मूल्य जतन करून एडिटर बंद करते, टॅब दाबल्यास जतन करून पुढच्या सेलमध्ये जाते आणि एस्केपने बदल सोडून देते. तिन्हींत ही निवड सर्वांत शहाणपणाची वाटते. मायक्रोसॉफ्टच्या डब्ल्यूपीएफ या टूलकिटमधील डेटाग्रिड या कोष्टकात टेम्प्लेट-स्तंभाला दाखवण्यासाठी एक आणि बदलण्यासाठी दुसरा असे दोन साचे देता येतात. मॅकवर एका खिडकीतील मजकूरपेट्या लिहिण्यासाठी एकच सामाईक फील्ड एडिटर वापरतात.

मजकूरपेटी आणि शेजारी बटण असा पॅनेलचा एडिटर केला की आणखी एक अडचण येते. सेल निवडून सरळ टंकायला सुरुवात केल्यावर जेटेबल पहिली कळ एडिटरच्या कंपोनंटकडे पाठवते, पण तो पॅनेल असल्याने कळ वाया जाते. ती आतल्या पेटीकडे वळवण्याची सोय प्रोग्रामरनेच करायची असते. जावा ६ पासून कोष्टकाला ओळींची क्रमवारी लावता येते, तेव्हापासून एडिटरला मिळणारा ओळ क्रमांक पडद्यावरचा असतो, मॉडेलमधला नव्हे. तो रूपांतरित न करता मॉडेलमधून इतर माहिती काढली तर ती भलत्याच ओळीची निघते.

एडिटरला जागाही पुरली पाहिजे. जेटेबलमध्ये ओळीची मूळ उंची १६ पिक्सेल असते. तेवढ्यात कॉम्बोबॉक्स वरून-खालून कापला जातो, म्हणून उंची वाढवावी लागते. क्यूटीमध्ये एडिटर सेलपेक्षा मोठा काढता येतो. अनेक ओळींचा शेरा किंवा पत्ता यांसाठी मात्र सेलमध्ये एडिटर कोंबण्यापेक्षा त्या नोंदीचा स्वतंत्र फॉर्म उघडणे बरे.