राज्यसत्ता आणि व्यक्तिस्वातंत्र्य (नागपूर)

नागरिकाला खटल्याविना डांबून ठेवणे, त्याच्या संघटनेवर बंदी घालणे आणि त्याचे लिखाण रोखणे या सरकारी अधिकारांभोवती नागपुरात १९४०च्या दशकापासून चालत आलेला राजकीय व न्यायालयीन वाद. रेशीमबाग, दीक्षाभूमी, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन, मध्यवर्ती कारागृह आणि उच्च न्यायालयाचे खंडपीठ ही सारी एकाच शहरात असल्याने हा वाद येथे पुस्तकी राहिला नाही. राज्यसत्तेची धास्ती घेणारा पक्ष येथे दर पिढीत बदलत गेला. काल ज्याला धास्ती होती तो सत्तेत बसला, की त्याच्या तोंडी सुरक्षेची भाषा आली.

ऑगस्ट १९४२ मध्ये चिमूर आणि आष्टी येथील उठावांत सरकारी अधिकारी व पोलीस मारले गेले. त्यानंतर चिमुरात फौजेने केलेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून जयकृष्ण भणसाळी यांनी ६३ दिवस उपोषण केले. मध्यप्रांत-वऱ्हाड सरकारने या उपोषणाच्या बातम्या छापायलाच मनाई केली. निषेध म्हणून देशातील अनेक वृत्तपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी अंक काढले नाहीत.

याच काळात नागपूर उच्च न्यायालयात न्या. व्हिव्हियन बोस होते. नागपूर विद्यापीठाचे पहिले कुलगुरू सर बिपिनकृष्ण बोस यांचे ते नातू. ‘भगवतीचरण शुक्ल विरुद्ध प्रांतिक सरकार’ या प्रकरणात प्रक्षोभक लिखाण कशाला म्हणायचे, हा प्रश्न त्यांच्यापुढे आला. शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर आणि धीट माणसाच्या नजरेने मोजायचा. डळमळीत मनाच्या किंवा प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसाच्या नजरेने नव्हे, असा निकष त्यांनी घालून दिला. निकाल १९४७च्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’च्या नागपूर विभागात पहिल्याच पानावर आहे, आणि न्यायालयीन निकालांचा हा संग्रह निघतो तोही नागपुरातूनच. पारतंत्र्यातील एका प्रांतिक न्यायालयाचा हा निकष सर्वोच्च न्यायालयाने पुढे वारंवार उचलला: १९८८ मध्ये एका दूरदर्शन मालिकेच्या प्रकरणात, मार्च २०२४ मध्ये कोल्हापुरातील एका प्राध्यापकाच्या व्हॉट्सॲप स्टेटसच्या प्रकरणात आणि मार्च २०२५ मध्ये खासदार इम्रान प्रतापगढी यांच्या कवितेच्या प्रकरणात. या विषयात नागपूरची याहून मोठी देणगी दाखवता येणार नाही. शहरात मात्र ती फारशी कोणाला ठाऊक नाही.

स्वातंत्र्य आले आणि बाजू पालटल्या. गांधीहत्येनंतर फेब्रुवारी १९४८च्या आरंभी सरसंघचालक मा. स. गोळवलकर यांना नागपुरात अटक झाली आणि ४ फेब्रुवारीला संघावर बंदी आली. ती जुलै १९४९ मध्ये उठली. ब्रिटिशांच्या तुरुंगात खटल्याविना वर्षे काढलेल्या काँग्रेसनेच पुढे १९५० चा प्रतिबंधक स्थानबद्धता कायदा केला. त्याला आधार होता राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ चा. शांततेच्या काळातही खटल्याविना स्थानबद्धतेची मुभा घटनेतच असणे, ही आपल्या घटनेची जरा अवघड बाजू आहे.

आणीबाणीत हे सारे टोकाला गेले. ३० जून १९७५ रोजी सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांना नागपूर रेल्वे स्थानकावर अटक करून येरवड्याला नेण्यात आले आणि ४ जुलैला संघावर पुन्हा बंदी आली. समाजवादी, जनसंघीय, सर्वोदयी असे एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे कार्यकर्ते ‘मिसा’ या अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली एकाच बराकीत आले. १९७१च्या या कायद्यात नंतर घातलेल्या कलम १६-अ (९) नुसार स्थानबद्धतेची कारणे न्यायालयालाही दाखवायची नव्हती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने हे कलम संकुचित अर्थाने वाचले आणि मर्यादित का होईना, न्यायालयीन तपासणीला वाट ठेवली. स्थानबद्धांचे अर्ज ऐकता येतात असे म्हणणाऱ्या देशातील उच्च न्यायालयांत त्यामुळे नागपूरही होते. २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘एडीएम जबलपूर’ प्रकरणात चार विरुद्ध एक मतांनी हे सगळे निकाल रद्द केले. एकटे न्या. एच. आर. खन्ना विरोधात राहिले. तो निर्णय औपचारिकरीत्या पुसला गेला २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या अधिकाराच्या निकालात. त्या नऊ न्यायाधीशांत नागपूरचे शरद बोबडे होते.

मिसाबंदींची आठवण महाराष्ट्रात नंतर सरकारी हिशेबात आली. २०१८ मध्ये भाजपप्रणीत सरकारने त्यांना दरमहा मानधन सुरू केले, २०२० मध्ये महाविकास आघाडीने ते थांबवले आणि २०२२ मध्ये शिंदे सरकारने पुन्हा चालू केले. खटल्याविना तुरुंग सोसणे हा लोकशाहीचा लढा आहे, हे शासनाने यातून मान्यच केले म्हणायचे; फक्त कोणता तुरुंग, हे सत्तेवर कोण आहे त्यावर ठरते.

बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा (यूएपीए) १९६७ चा. २००४ आणि २००८ च्या दुरुस्त्यांनी त्याला धार दिली ती काँग्रेस आघाडीच्या राजवटीत. एकट्या व्यक्तीलाही दहशतवादी ठरवण्याची तरतूद २०१९ मध्ये भाजप सरकारने घातली. नागपूरशी याचा सर्वांत जवळचा संबंध जी. एन. साईबाबा यांच्या खटल्याचा. दिल्लीतील हे चाकाच्या खुर्चीला खिळलेले प्राध्यापक माओवाद्यांशी संबंधाच्या आरोपावरून २०१४ मध्ये अटकेत आले, मार्च २०१७ मध्ये गडचिरोली सत्र न्यायालयाने त्यांना जन्मठेप दिली आणि नागपूरच्या कारागृहातील ‘अंडा सेल’ या अतिसुरक्षित कोठडीत त्यांना ठेवले गेले. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाने खटल्याची मंजुरीच सदोष ठरवून त्यांना सोडले. दुसऱ्याच दिवशी, शनिवारी, सर्वोच्च न्यायालयाने खास बैठक घेऊन त्या निकालाला स्थगिती दिली. प्रकरण परत आले, वेगळे न्यायाधीश बसले, आणि ५ मार्च २०२४ रोजी निकाल पुन्हा निर्दोष असाच लागला. ऑक्टोबर २०२४ मध्ये साईबाबा वारले.

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक १८ डिसेंबर २०२४ रोजी नागपूरच्याच हिवाळी अधिवेशनात नव्याने मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. शहरी नक्षलवादाला आळा घालण्यासाठी ते आवश्यक आहे, असे सरकारचे म्हणणे होते. त्यातील ‘बेकायदा कृत्या’ची व्याख्या एवढी सैल आहे की कोणताही मोर्चा तिच्यात बसेल, असे डाव्या आणि आंबेडकरी संघटनांचे. समितीने विधेयकाचा रोख व्यक्तींकडून कडव्या डाव्या संघटनांकडे वळवला. १० जुलै २०२५ रोजी ते विधानसभेत मंजूर झाले, तेव्हा माकपचे विनोद निकोले हे विरोधात उभे राहिलेले एकमेव आमदार ठरले.

वैचारिक कैद्यांवर इतके लिहिले जाते, पण शहरात स्थानबद्धतेचा रोजचा वापर वेगळाच आहे. १९८१ चा ‘एमपीडीए’ हा धोकादायक कृत्ये रोखण्याचा राज्याचा कायदा झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे विक्रेते आणि नंतरच्या दुरुस्तीने रेतीतस्करांनाही लागू होतो. पोलीस आयुक्तांच्या आदेशावर, खटल्याविना, बारा महिन्यांपर्यंत कारागृह. ‘अमक्याला एमपीडीए लावला’, ‘तमका तडीपार’ ही नागपूरच्या वर्तमानपत्रांतली नेहमीची, एक-दोन परिच्छेदांची बातमी. हद्दपारीत माणसाला दोन वर्षांपर्यंत जिल्ह्याबाहेर काढता येते. प्रस्तावाला झालेला उशीर किंवा बंद दाराआड नोंदवलेल्या जबाबांतील त्रुटी दाखवून असे कितीतरी आदेश उच्च न्यायालयात रद्द होतात. तोवर बरेच महिने आत गेलेले असतात. या माणसांसाठी यशवंत स्टेडियमवरून विधानभवनाकडे मोर्चा निघत नाही, आणि कोणत्याही पक्षाने त्यांना अजून मानधन देऊ केलेले नाही.