बाराखडीची चौदाखडी कशी झाली

घरी पोराला वाचायला बसवलं की पहिली ठेच बाराखडीतच लागते. आई म्हणते ‘के, कै’, शाळेच्या तक्त्यावर असतं ‘के, कॅ, कै’. पोर आळीपाळीने दोघांकडे बघतं. या घोळाचं मूळ २००९ सालच्या एका शासन निर्णयात आहे. त्याआधीचं थोडक्यात सांगतो.

धूळपाटीवर बोट फिरवायचं आणि ‘ओनामासिधं’पासून सुरुवात करायची, ही पंतोजींची रीत. हिशेबठिशेबाला मोडी लिपी, पोथीला बाळबोध म्हणजे देवनागरी. ‘बाराखडी’ हा शब्द म्हणजे ‘द्वादशाक्षरी’चं झिजलेलं रूप. यातले बारा कोण? दहा स्वर, शिवाय अं आणि अः. ऋ वर्णमालेत होता, पण या बारांत नव्हता. ‘कृ’ पुढे सवडीने, वेगळा शिकवला जाई. मोजणीतला हा सैलपणा तेव्हा कुणाला खुपला नाही.

१९६२ साली शासनाने लेखनाचे १४ नियम मान्य केले, १९७२ साली त्यात ४ नियमांची भर पडली. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, शब्दाच्या शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. आजोबांच्या वहीत ‘घरांत गुरु आले’, तर वडिलांच्या वहीत ‘घरात गुरू आले’. एकाच घरात दोन शुद्धलेखनं, आणि मुलाचा अभ्यास घ्यायला दोघंही तयार. तरी हा बदल लिहिण्यापुरता होता. पाठांतराला त्याने हात लावला नाही.

६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने तो लावला. ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत अधिकृत जागा मिळाली. हे उच्चार इंग्रजीबरोबर कधीच आले होते. आधी ‘ब्यांक’, ‘डाक्तर’ असं लिहून वेळ मारून नेली, मग अक्षरावर चंद्र काढायची सवय लागली. छपाईत चंद्र रुळला होता, पण वर्णमालेत नव्हता. म्हणजे मूल ‘बॅट’ आणि ‘बॉल’ रोज बोलायचं, पण त्यातला स्वर पाटीवर कुठेच भेटायचा नाही.

आक्षेप असा होता की परक्या स्वरांना मराठीच्या घरात कायमची खोली कशाला. मला हा आक्षेप पटत नाही. ‘कॅ’वरून शब्द विचारला तर चार वर्षांचं मूल ‘कॅमेरा’ म्हणतं. ‘ञ’वरून विचारला तर मोठेही खिडकीबाहेर बघतात. तक्ता छापणारेसुद्धा ‘ण बाणाचा’, ‘ळ बाळाचा’ अशी शब्दाच्या शेपटाकडून सोय लावतात, आणि ङ, ञ यांच्यापुढचा चौकोन बरेचदा चित्राशिवायच सोडतात.

खरी अडचण जागेची आणि मोजणीची आहे. ॲ बसला ए आणि ऐ यांच्या मध्ये, ऑ बसला ओ आणि औ यांच्या मध्ये. उच्चाराच्या हिशेबाने ते बरोबरच आहे. पण बाराखडी ही म्हणायची गोष्ट, आणि तिचा ताल नेमका तिथेच मोडतो. नवे दोन शेवटी ठेवले असते तर पिढ्यांचं पाठांतर शाबूत राहिलं असतं.

मोजणीचं आणखी गमतीचं. नव्या वर्णमालेत स्वर १४, आणि बाराखडीची झाली चौदाखडी. सहज वाटतं की चौदा ते चौदाच. ते तसे नाहीत. चौदा स्वरांत ऋ आणि ऌ आहेत, अं-अः नाहीत. त्यांना ‘स्वरादी’ म्हणून वेगळं काढलंय. चौदाखडीत अं-अः आहेत, ऋ-ऌ नाहीत. घरी शिकवणारे पालक इथे हमखास अडकतात, कारण दोन्ही याद्या एकाच तक्त्यावर वर-खाली छापलेल्या असतात. आणि ऌ कशासाठी, तर ‘कॢप्ती’ या एका शब्दासाठी!

त्याच सुमारास घरचा अभ्यास पाटीवरून संगणकावर सरकत होता. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या जागतिक यादीत, हिंदी धर्तीचा ऍ आधीपासून होता, मराठी वळणाचा ॲ आला २००८ साली. तोवर लोक अ-वर चंद्र चढवून भागवायचे. काही फोनांवर त्या दोघांच्या मध्ये ठिपक्यांचं वर्तुळ उमटायचं आणि मूल विचारायचं, ‘हे कोणतं अक्षर?’ फाँट हिंदी वळणाचा असला तर ल आणि श यांचे आकारही बदलायचे. २०२० मध्ये शाळा बंद पडल्या आणि संगणकावर बनवलेले घरगुती तक्ते हातोहात फिरले, तेव्हा एकाच मुलाने पुस्तकात पाकळीचा ल पाहिला आणि आईच्या मोबाइलवर दांडीचा.

१० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयाने पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श या मराठी वळणांवर २००९ नंतर पुन्हा शिक्का मारला. ॲ आणि ऑ मात्र होते तिथेच राहिले. आजी अजून ‘के, कै’ म्हणते, आणि नात मध्येच ‘कॅ’ घुसवून तिला पहिल्यापासून म्हणायला लावते.